लावणारे आणि काढणारे

मनुष्यजातीची जी नाना वर्गीकरणे आजवर शास्त्रज्ञांनी, धर्ममार्तंडांनी आणि जनगणनेच्या कारकुनांनी करून ठेवली आहेत, त्यांत एका अत्यंत मूलभूत वर्गीकरणाकडे सर्वांचेच दुर्लक्ष झाले आहे, असे आमचे नम्र परंतु ठाम मत आहे. हे जग लावणाऱ्यांचे आणि काढणाऱ्यांचे आहे. मतदानाच्या आधी शाळेच्या नव्या रंगवलेल्या भिंतीवर खळीने पत्रके लावणारा कार्यकर्ता एक असतो, आणि पुढे कित्येक पावसाळे ती खरवडत बसणारा शिपाई दुसरा असतो. नवा नियम लावणारा अधिकारी पदोन्नती घेऊन निघून जातो, आणि तो नियम काढण्याचा अधिकार नेमका कोणत्या टेबलाकडे आहे, याचा तपास त्याच्या मागून येणारे करीत राहतात. लावण्याचे काम थोड्या वेळाचे, उत्साहाचे आणि बहुधा चारचौघांच्या देखत होणारे; काढण्याचे काम दीर्घ, एकाकी आणि पाठ दुखवणारे; आणि यांतील मर्म असे, की ज्याने लावले त्याच्यावर ते काढण्याची पाळी सहसा येत नाही. या सिद्धान्ताचा साक्षात्कार ज्यांना ग्रंथांतून करून घ्यावयाचा असेल त्यांनी तो खुशाल तेथून घ्यावा. आम्हांला तो सोनाळ्यास, आमचे शेजारी अण्णा यांच्या अंगणात, एका रायफलीवरच्या जुनाट ग्रीसने करून दिला.

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी वसलेले गाव. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे जे दोन भाग वहिवाटीने पडलेले आहेत, त्यांपैकी घाटावर थंड हवा आणि जिल्हाकचेरी आहे. घाटाखाली ऊन आहे आणि आम्ही आहोत. गावाला संत सोनाजी महाराजांचा आशीर्वाद आहे, कपाशी, तूर आणि मका पिकवणारी जमीन आहे, आणि उत्तरेला अंबाबरव्याचे जंगल आहे. या जंगलाचे १९९७ साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १२७ चौरस किलोमीटर असून मेळघाट व्याघ्र प्रकल्पात त्याचा अंतर्भाव होतो. वाघ हा राष्ट्रीय प्राणी असल्यामुळे तो आपला आब राखून असतो आणि पाहुण्यांनाही सहसा दर्शन देत नाही. परंतु रानडुक्कर आणि रोही या दोन जातींना असा कोणताही हुद्दा नसल्याने त्यांचे वागणे अधिक मोकळे आहे. त्यांचा मुक्काम अभयारण्यात आणि भोजन आमच्या शेतात, अशी व्यवस्था कित्येक वर्षे कोणत्याही लेखी कराराशिवाय सुरळीत चालली आहे.

या भोजनव्यवस्थेला पायबंद बसावा म्हणून अण्णांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, पीकसंरक्षणाच्या नावाने परवाना काढून तीनशे पंधरा बोरची एक रायफल घेतली होती. ज्यांनी महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या खाकी गणवेशात थ्री-नॉट-थ्रीचा दणका खांद्यावर झेलला आहे, त्यांना या रायफलीची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. कारण तीनशे पंधरा ही त्याच ली-एनफिल्ड घराण्याची मुलकी शाखा होय. इंग्रज सरकारला आपल्या प्रजेविषयी अपार माया असली तरी प्रजेच्या हाती लष्करी काडतूस चालेल अशी बंदूक असू नये, याबद्दल ते सरकार फार दक्ष होते. सबब पलटणीतून चोरीला गेलेली गोळी ज्यात बसणार नाही, अशा निराळ्या बोरची रायफल मुलकी इसमांसाठी निर्माण झाली. इंग्रज गेले, १९५९ चा शस्त्र कायदा आला, परंतु लष्करी बोर सामान्य परवानेदारास निषिद्ध ही तरतूद मात्र कायम राहिली. तिच्यावर आणखी एक लेप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दिला: अभयारण्याच्या हद्दीपासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्रपरवानेदाराने मुख्य वन्यजीव रक्षकाकडे आपल्या नावाची नोंद करावी, असे त्याचे ३४ वे कलम सांगते. तात्पर्य, डुकरांना घाबरवण्यासाठी घेतलेल्या त्या रायफलीची दखल महसूल, पोलीस आणि वन अशा तीन खात्यांनी यथास्थित घेतली होती; तिची दखल घ्यायची राहिली होती ती फक्त डुकरांनी.

निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांची जिल्हास्तरावर छाननी होते आणि ज्यांना हुकूम होतो त्यांनी आपली हत्यारे जमा करावयाची असतात, हे सर्वश्रुत आहे. अशाच एका निवडणुकीच्या वेळी आबांनी रायफल जमा केली. जमा करताना तिला ओल लागू नये, गंज चढू नये, परक्या ठिकाणी तिची आबाळ होऊ नये, अशा वात्सल्याने त्यांनी ट्रॅक्टरच्या डब्यातले ग्रीस आणि कोणा लष्करी ओळखीच्या माणसाकडून आणलेली मिनरल जेली एकत्र करून तिच्या सर्वांगाला असा लेप दिला, की तिची नळी कोणती आणि कुंदा कोणता हे केवळ अंदाजाने सांगावे. ही निवडणूक संपण्यापूर्वीच आबा निवर्तले. मग मयत परवानाधारकाच्या जागी वारसाचे नाव लागण्यासाठी जे अर्ज, शपथपत्रे, ना-हरकत दाखले, चौकशीचे अहवाल आणि झेरॉक्सच्या साक्षांकित प्रती लागतात, त्यांची जुळवाजुळव करण्यात अण्णांच्या डोक्यावरचे केस क्रमाक्रमाने पांढरे झाले. शेवटी कागद पुरे झाले तेव्हा २०२४ ची लोकसभा निवडणूक आडवी आली. १६ मार्चला लागू झालेली आचारसंहिता ६ जूनला उठली, आणि मृगाच्या सरी येण्यापूर्वीच्या त्या जीवघेण्या उन्हात आबांची रायफल ताबेपावतीवर सही घेऊन अण्णांच्या स्वाधीन करण्यात आली.

पोत्यातून जी वस्तू बाहेर निघाली, ती पाहून जमलेल्या मंडळींत काही काळ गंभीर शांतता पसरली. आबांच्या लेपातील पातळ अंश इतक्या वर्षांत उडून गेला होता आणि मागे राहिलेला भाग जुन्या गुळाच्या ढेपेसारखा काळपट, चिवट आणि आपल्या जागेविषयी अत्यंत आग्रही झाला होता. त्यात गोणपाटाचे धागे, दोन मुंगळे आणि एका कागदाचा तुकडा कायमच्या वास्तव्यास होते. तो कागद म्हणजे मूळची जमापावती असावी, असा अण्णांना संशय होता, परंतु ती वाचण्यासाठी आधी ग्रीस काढणे आवश्यक होते. गावचे निवृत्त फौजी, ज्यांना लहानथोर सगळेच मामा म्हणतात आणि ज्यांनी उमेदीची वर्षे पलटणीच्या शस्त्रागारात काढली, त्यांनी चष्मा पुसून त्या ऐवजाचे निरीक्षण केले आणि विचारले, "हे कोनं लावलं?"

"बाबानं," अण्णा म्हणाले.

"लावनारा मानूस हुशारच होता," मामा म्हणाले. "काढनाऱ्याचा इचार नाई केला त्यानं."

येथे वाचकांच्या माहितीसाठी सांगितले पाहिजे, की हत्याराला असे जाड लेप देण्याची पद्धत ही युद्धाची नव्हे, शांततेची देणगी आहे. युद्ध चालू असते तोवर बंदुकीला गंजण्याइतकी फुरसतच मिळत नाही. तह झाला, वाद्ये वाजली, सैनिक घरी गेले, की मग लक्षावधी रायफलींचे करावयाचे काय, हा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा रायफली पेट्रोलियमच्या मेणचट लेपाने माखून, तेलकट कागदांत गुंडाळून, लाकडी पेट्यांत भरून कोठारांत रचून ठेवण्यात आल्या. अमेरिकेत या लेपाला कॉस्मोलीन म्हणतात. फिलाडेल्फियाच्या हाउटन कंपनीचे हे १९व्या शतकातले अपत्य आरंभी जखमांवरचे मलम म्हणूनही विकले जात असे. माणसाच्या जखमेवरून ते बंदुकीच्या अंगावर कधी गेले हे पाहणे उद्बोधक आहे, कारण जखमा करणाऱ्या वस्तूची काळजी जखमी झालेल्या वस्तूपेक्षा अधिक घ्यावी, हा आधुनिक संस्कृतीचा दंडक त्यावरून ध्यानात येतो. आपल्याकडे तर बंदूक आणि स्निग्ध पदार्थ यांचा संबंध जात्याच नाजूक. १८५७ साली एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांवर कोणत्या प्राण्याची चरबी फासली आहे, या एका शंकेने कंपनी सरकारचे आसन डळमळले होते. तेव्हाही लावणारे निराळे होते आणि दातांनी तोडण्याची पाळी आली होती ती शिपायांवर.

पुढे हीच कोठारे रिकामी करण्याची वेळ आली तेव्हा त्या शिलकी रायफली हौशी गिऱ्हाइकांना विकण्यात आल्या. हुगळीच्या काठी इशापूर येथे, जेथे एके काळी कंपनी सरकारची बंदुकीची दारू तयार होई, तेथील कारखान्यात घडलेल्या कितीतरी रायफलीही अशा रीतीने सातासमुद्रापार पोचल्या. त्यांच्यावरचा लेप काढणे हा तिकडे एक स्वतंत्र गृहोद्योगच झाला आहे. कोणी वाफ सोडतो, कोणी उकळते पाणी ओततो, कोणी पत्नी माहेरी गेल्याची खातरजमा करून रायफलीचे सुटे भाग भांडी धुण्याच्या यंत्रात घालतो आणि पत्नी परत आल्यावर रायफलीसह घराबाहेर पडतो. काही सुज्ञ गृहस्थ ती काळ्या पिशवीत गुंडाळून बंद मोटारीत उन्हाला ठेवतात. कारण साधे आहे: हा मेणचट लेप ४५ ते ५० अंशांच्या आसपास पाघळू लागतो, आणि थंड मुलखातल्या माणसाला तेवढी उष्णता युक्तिप्रयुक्तीने जमवावी लागते. घाटाखालच्या माणसाला हे वाचून जे समाधान वाटेल त्याचे वर्णन करणे कठीण आहे. आमच्याकडचा उन्हाळा आजवर कोणत्याही उपयुक्त कामासाठी वापरता येतो असे कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. त्याच्याविषयी ज्या तक्रारी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो, त्या सर्व वास्तविक एका फुकटच्या शासकीय योजनेविरुद्ध होत्या, हे आता उमगले.

तथापि उन्हाचा उपाय सुचण्याआधी, मराठी माणसाच्या अंगणात कोणतेही कार्य ज्या क्रमाने होते त्या क्रमाने, प्रथम सभा झाली. गावातल्या मोटार मेकॅनिकचे मत पेट्रोल वापरावे असे पडले. ते, समोरच बिडी ओढत बसलेल्या दोन सभासदांकडे पाहून, तूर्त तहकूब ठेवण्यात आले. एका निवृत्त गुरुजींनी रॉकेलची सूचना मांडली. ती तांत्रिक दृष्ट्या निर्दोष होती. परंतु घरोघर गॅस पोचल्यापासून रेशनचे रॉकेल इतके दुर्मिळ झाले आहे, की रायफलीचा परवाना एक वेळ मिळेल पण तिला पुसण्यापुरते रॉकेल मिळणार नाही, हे अण्णांनी कडवटपणे निदर्शनास आणून दिले. अखेर ट्रॅक्टरच्या टाकीतले डिझेल मंजूर झाले. एका तरुणाने भ्रमणध्वनीवर चित्रफीत पाहून अमेरिकन भांडी धुण्याच्या यंत्राचा उल्लेख केला, तेव्हा अण्णांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ओसरीवरून म्हणाल्या, "आमच्या घरी ते यंत्र मीच हावो. मले नका घालू त्यात." ही उपसूचना कोणत्याही चर्चेविना फेटाळली गेली.

मामांनी सूत्रे हाती घेतली ती येथपासून. रायफल रिकामी असल्याची त्यांनी स्वतः पाहून खात्री केली, बोल्ट बाहेर ओढला (म्हणजे त्यांनी आणि दोन तरुणांनी मिळून ओढला) आणि सगळे भाग काळ्या घोंगडीवर मांडून ती घोंगडी गोठ्याच्या टिनावर चढवली. दुपारी त्या टिनावर पाय ठेवण्याची हिंमत मांजरालाही होत नव्हती. तासाभरात आबांचा लेप मऊ झाला, मग चकाकू लागला, आणि मग त्याची एक पिवळसर धार टिनाच्या पन्हळीतून खाली ठेवलेल्या डेचकीत संथपणे उतरू लागली. ही डेचकी वहिनींची होती. ती कोणाच्या परवानगीने आणली, याचा पंचनामा पुढे बराच काळ चालला आणि त्यात अण्णांचा जबाब दर वेळी बदलत गेला.

ऊन हे केवळ पहिले काम करते. त्यापुढे मनुष्याची बोटे लागतात. वरचा थर वाहून गेला तरी खाचाखोचांत जो लेप दडून बसतो, त्याच्यासाठी डिझेलमध्ये भिजवलेले दाताचे जुने ब्रश, काडीला गुंडाळलेला कापूस आणि पुष्कळसा संयम यांची योजना करावी लागते. मामांच्या सांगण्याप्रमाणे सगळ्यांत लबाड जागा दोन. एक, बोल्टच्या पोटातली, जेथे काडतुसाच्या पाठीवर ठोका देणारी पिन असते: तेथे लेप घट्ट बसला की पिन आळसावते, ठोका मंद पडतो आणि गोळी सुटत नाही. दुसरी, नळी: तिच्यात लेप राहिला आणि तशीच गोळी झाडली, तर अडथळ्यामुळे आतला दाब वाढून रायफल झाडणाऱ्याच्या तोंडावरच फुटण्याचा संभव असतो. "पहिल्या जागी ग्रीस राह्यलं तर डुक्कर वाचते," मामांनी समजावले, "दुसऱ्या जागी राह्यलं तर डुक्करच वाचते." डुकराच्या हिताचा इतका बारकाईने विचार कोणत्याही वन्यजीवतज्ज्ञाने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

नळी साफ करण्यासाठी दोरीच्या एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंधी बांधून ती आरपार ओढतात. लष्करात या चिंधीचेही माप ठरलेले: कोरडी पुसायची असेल तर चार इंच बाय दोन, तेल द्यायचे असेल तर चार बाय दीड. ती दोरी आणि पितळेची तेलाची कुपी जुन्या ली-एनफिल्डच्या कुंद्यातच एका झाकणीखाली ठेवलेली असते. म्हणजे हत्यार घडवणाऱ्याने तरी काढणाऱ्याची आठवण ठेवली होती, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. आबांच्या रायफलीजवळ तसा सरंजाम नव्हता. मामांनी सुतळीला एक नट बांधला आणि चिंधीसाठी अण्णांच्या जुन्या धोतराची मागणी केली. धोतर इंचपट्टीने मोजून कापण्यात आले. पहिली चिंधी गेली ती डांबर होऊन बाहेर आली; पुढच्या चिंध्यांचा रंग क्रमाने काळा, तपकिरी, पिवळा असा उजळत गेला, आणि संध्याकाळपर्यंत धोतराची लंगोटी उरली. मग मामांनी नरसाळ्याने उकळते पाणी नळीत ओतले, लगोलग कोरडी चिंधी फिरवली, बोल्टच्या जागी आपल्या अंगठ्याचे नख धरले आणि नळीच्या तोंडातून त्या नखावर परावर्तित झालेल्या उजेडात आत पाहिले. आतले आटे चक्राकार लखलखत होते. मामांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान पसरले, ते त्यांच्या मुलीच्या लग्नातही आम्ही पाहिले नव्हते.

एवढ्यावर काम संपले असे ज्याला वाटेल त्याचा लाकडाशी परिचय नाही. लोखंड लेप अंगावर वागवते, लाकूड तो पोटात घालते. कुंद्याने इतक्या वर्षांत जे स्निग्ध द्रव्य शोषून घेतले होते, ते तो रोज उन्हात ठेवावा आणि रोज पुसावा तरी थेंबथेंबाने घामासारखे बाहेर येतच राहिले. लाकडाचा घाम संपल्याशिवाय गोळी झाडायची नाही, असा मामांचा हुकूम होता. आणि घाम संपल्यावर कुंद्याला जवसाचे तेल पाजायचे, असा पुढचा. तेलाचे नाव ऐकून वहिनींचे कान टवकारले. विलायतेत ली-एनफिल्डच्या कुंद्यांना पिढ्यान्‌पिढ्या जवसाचेच तेल देत आले, ही गोष्ट मामांनी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितली. त्यावर, इंग्रजांना जवसाची चटणी करता येत नसेल तर त्यांनी तेल लाकडाला चारावे, आपल्या घरी तसा प्रसंग नाही, असा अभिप्राय वहिनींनी दिला. तरीही वाटीभर तेल मिळाले. ते चटणीच्या हिशोबात वजा धरले गेले आणि त्या आठवड्यात अण्णांनी भाकरी मिठाशी खाल्ली.

या अवधीत आम्हांला चिंतनास भरपूर वेळ मिळाला, कारण सल्ला देणाऱ्याला हाताने काम करावे लागत नाही, ही सोनाळ्याची जुनी रीत आहे. लेप देणारा कधीही वाईट हेतूने देत नाही, ही या प्रकरणातली खरी मेख. आबांनी प्रेमाने दिला. इंग्रजांनी निषिद्ध बोरचा लेप आपल्या राज्याच्या प्रेमाने दिला, स्वराज्याने परवान्याचा लेप शांततेच्या प्रेमाने दिला, वनखात्याने नोंदणीचा लेप वाघाच्या प्रेमाने दिला, आणि निवडणूक आयोगाने आचारसंहितेचा लेप मतदाराच्या प्रेमाने दिला. यांतला एकही लेप अनावश्यक होता असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. आम्ही तर मुळीच नाही, कारण भरल्या अंगणातल्या सभासदांपैकी कोणाकोणाच्या हाती निवडणुकीच्या दिवसांत रायफल असू नये, याची यादी आमच्यापाशी तयार आहे. परंतु हे सगळे लेप एकावर एक बसल्यानंतर आतली वस्तू ज्या कामासाठी घेतली होती ते काम करते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी कोणत्याही लावणाऱ्याच्या सेवाशर्तींत लिहिलेली नाही. तिचे रक्षण उत्तम झाले होते. ज्यांच्या रक्षणासाठी ती आणली, ती मक्याची कणसे मात्र स्वतःच्या हिमतीवर उभी होती.

श्रावण गेला, भाद्रपद आला, मका कणसाला आला, आणि डुकरे आली. रायफल तोवर घरात होती, लखलखीत होती, परंतु कुंदा अजून क्वचित एखादा थेंब गाळीत होता. शिवाय डुक्कर मारावयाचे तर वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. नुसता आवाज करून हाकलावयाचे तर आबांच्या वेळची काडतुसे जुनी झाल्यामुळे नवी आणावयास हवीत. आणि नवी आणली तरी रात्रीच्या काळोखात, रायफलीची गोळी मैलभर जाते अशा सपाट रानात, पलीकडच्या मचाणावर कोणाचा मुलगा जागलीला बसला आहे हे ठाऊक नसता ती झाडणार कोण? अण्णा तसे विवेकी गृहस्थ. त्यांनी रायफल खुंटीला टांगली आणि पूर्वीप्रमाणे रिकामा डबा आणि काठी घेऊन मचाण गाठले. डब्याला परवाना लागत नाही, त्याला गंज चढला तरी आवाज तोच येतो, आणि आचारसंहितेत तो जमा करावा लागत नाही. पीकसंरक्षणाच्या साधनांत इतके निर्वेध साधन दुसरे नाही.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान आणि २३ ला निकाल, म्हणजे रायफलीच्या मुक्कामाची मुदत या वेळी बेताची होती. तरी अण्णांचा जीव राहीना. ओल, गंज, परके ठिकाण, हे आबांचे तिन्ही शब्द त्यांच्या तोंडून जसेच्या तसे बाहेर पडले आणि त्यांनी ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा काढला. मामा आडवे आले. चार दिवसांच्या मुक्कामाला तेलाचा पुसट हात पुरे, असा त्यांचा पक्ष. वडिलांनी शिकवले ते वडिलांनी शिकवले, असा अण्णांचा. दोन्ही बाजूंनी लष्कर, शेती आणि पितृभक्ती यांचे दाखले निघाले, आवाज चढले, गुरुजींना मध्यस्थीला बोलावण्यात आले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही पक्षांचे म्हणणे बरोबर असल्याचा निवाडा दिला. तेव्हा वहिनी डेचकी हातात घेऊन बाहेर आल्या. ती चुलीच्या राखेने कितीही घासली तरी तिच्यात तापवलेल्या दुधाला येणारा वास अद्याप गेलेला नव्हता.

"लावा," त्या अण्णांना म्हणाल्या. "कितीबी लावा. पन काढाले कोन बसनार हाये, ते आधी कागदावर लिहून द्या. सही करा. मामा, तुमी साक्षीदार."

अण्णांनी कागदाकडे पाहिले, डेचकीकडे पाहिले, आणि ग्रीसचा डबा झाकण लावून परत ठेवला. लावण्यापूर्वी काढणाऱ्याची लेखी संमती घ्यावी, हे तत्त्व ज्या दिवशी मंत्रालयात पोचेल त्या दिवशी या राज्याचे निम्मे दप्तर हलके होईल. तूर्त त्याची अंमलबजावणी सोनाळ्यातील एका घरापुरती झाली आहे, याची नोंद इतिहासाने घ्यावी. रायफल तेलाच्या पुसट हातानिशी जमा झाली आणि पावती देवघरात गेली.

राहता राहिला तो डेचकीतून डब्यात काढून ठेवलेला आबांचा लेप. तो टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आमच्याकडे टाकून देण्याजोगी वस्तू अद्याप निर्माण झालेली नाही. मका सोंगणीला आला त्या सुमारास अण्णांच्या बंडीची चाके इतकी करकरू लागली होती, की रानात निघालेली बंडी गावातच ओळखू यावी. वहिनींनी तो डबा पुढे केला. "ओंगन म्हनून घाला," त्या म्हणाल्या. आबांचा लेप चाकांच्या आसात भरण्यात आला, आणि तेथे त्याने जे काम केले त्याला तोड नव्हती. पीकसंरक्षणाच्या त्या रायफलीपासून शेतीला झालेला हा पहिला आणि आजवरचा एकमेव प्रत्यक्ष उपयोग होय. बंडी एका शब्दानेही न करकरता शिवारातून निघाली आणि अण्णांचा सगळा मका घरी घेऊन आली. म्हणजे जेवढा डुकरांनी ठेवला होता तेवढा.